‘पोरगं आत होतं का?’ : एका स्थळाच्या चौकशीचं प्रकरण

आबा माझे पक्षकार नव्हेत. त्यांच्या थोरल्या भावाचा वाटपाचा दावा माझ्याकडे आठ वर्षं चालला, त्या ओळखीवर ते आले. नोव्हेंबर २०२४ चा शेवटचा आठवडा होता. विधानसभेचा निकाल लागून दोन-तीन दिवस झालेले, विजयनगरच्या कोर्टात पक्षकार कमी आणि गप्पा जास्त. तासगाव तालुक्यातला बागायतदार या दिवसांत फवारणी सोडून सकाळी सकाळी सांगली गाठतो म्हणजे कामच तसं असणार. बोटांवर मोरचुदाचा निळसर डाग तसाच होता.

“वकीलसाहेब, एका पोराचं रेकॉर्ड काढून द्या. काय खर्च हुईल तो हुईल.”

धाकट्या मुलीला स्थळ आलं होतं. मुलगा मिरज तालुक्यातला, डिप्लोमा झालेला, कुपवाड एमआयडीसीत कामाला, घरी चार एकर. पसंती झाली होती, याद्यांची बैठक तेवढी राहिली होती. आणि पावण्यांतल्याच कुणीतरी कानात घातलं की पोरगं दोन दिवस पोलिसांत आत होतं, आणि आता निवडणुकीच्या तोंडावरही त्याला ठाण्यात बोलावलं होतं. कशाबद्दल, ते सांगणाऱ्याला माहीत नव्हतं. अशी माहिती देणाऱ्यांना तेवढंच माहीत असतं.

आबा रिकाम्या हाताने आले नव्हते. पुण्यात आयटीत असलेल्या पुतण्यानं दोन रात्री जागून राज्य पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरच्या प्रकाशित एफआयआर पालथ्या घातल्या होत्या. जिल्हा निवडायचा, ठाणं निवडायचं, तारखा टाकायच्या आणि समोर आलेली एकेक पीडीएफ उघडायची. त्याला २०२१ ची एक सापडली. शेतातल्या विहिरीवरची मोटार आणि केबल चोरल्याचा गुन्हा, कलम ३७९. आरोपीचं नाव आणि आडनाव मुलाचंच. ती पीडीएफ आबांच्या मोबाईलवर होती. आणि भावकीच्या ग्रुपवरही, हे मला नंतर कळलं.

पुतण्याला मी फोन लावला. त्याची तक्रार रास्त वाटावी अशी होती. अमेरिकेत नाव टाकलं की कोण कधी पकडला ते फोटोसकट दिसतं, आपल्याकडे असं एक ठिकाण का नाही? मी त्याला म्हटलं, आधी तू काढलेला कागद बघू, मग अमेरिकेचं बघू.

एफआयआरच्या छापील नमुन्यात सात नंबरचा रकाना आरोपीचा असतो. नाव, टोपणनाव, नातेवाइकाचं नाव, पत्ता. लोक नाव वाचतात आणि थांबतात. नातेवाइकाच्या घरात बापाचं नाव होतं आणि ते आबांच्या होणाऱ्या व्याह्यांचं नव्हतं. पत्ताही शेजारच्या गावचा. आमच्या भागात एका आडनावाचं अर्धं गाव असतं, आणि त्या वयाच्या पोरांची नावं तर ठरावीक दहा-बाराच. नुसत्या नाव-आडनावावर माणूस ओळखायचा म्हणजे मार्केट यार्डात “पाटील” म्हणून हाक मारण्यासारखं आहे.

तरी खात्री म्हणून कोर्टांतल्या खटल्यांची माहिती देणाऱ्या ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तोच एफआयआर क्रमांक, ठाणं आणि वर्ष टाकून बघितलं. मिरज कोर्टातला खटला निघाला. निकाली, आरोपी निर्दोष. म्हणजे पुतण्यानं ज्याला चोर म्हणून भावकीत फिरवलं तो आपला मुलगा नव्हताच, शिवाय कोर्टाच्या लेखी तो चोरही नव्हता. पोलिसांच्या पोर्टलवरची पीडीएफ मात्र २०२१ साली जशी चढली तशीच आहे. पुढं काय झालं हे त्या कागदाला माहीत नसतं. दोषारोपपत्र गेलं की पोलिसांनी ‘बी समरी’, म्हणजे तक्रारच खोटी म्हणून प्रकरण बंद करायची परवानगी, मागितली, खटला सुटला की शिक्षा लागली, यातलं काही त्यावर मागाहून उमटत नाही.

मग मी मुलाच्या पूर्ण नावानं, बापाचं नाव धरून, ई-कोर्ट्सवर शोध घेतला. सांगली, मिरज दोन्हीकडे, प्रलंबित आणि निकाली दोन्ही खान्यांत. निकाली खाना बघायचा पुष्कळ जण विसरतात, म्हणून मुद्दाम सांगतो. पुतण्यानं चाळलेल्या एफआयआर मीही वरवर पाहिल्या. काही नाही.

आबांना म्हणालो, “आबा, काही नाही. पोरगा स्वच्छ आहे. याद्या करा.”

हे माझं चुकलं. या प्रकरणाची टिपणं लिहून ठेवायचं कारणही तेच.

आठ दिवसांनी आबा परत आले. या वेळी बसलेच नाहीत. मुलाच्या गावच्या पोलीस पाटलांशी कुणाच्या तरी मध्यस्थीनं बोलणं झालं होतं. अटक झाली होती. २०२२ च्या गणपतीत, विसर्जनाच्या रात्री. “तुम्ही म्हणला कायबी न्हाई. पाटील म्हणत्यात गाडीत घालून नेलं हुतं.”

आबांचा प्रश्न होता, पोरगं आत होतं का? मी उत्तर दिलं ते वेगळ्याच प्रश्नाचं: त्याच्यावर गुन्हा दाखल आहे का? वीस वर्षं फौजदारी बाजूला उभं राहूनही ही गल्लत झाली. लोकांच्या मनात अटक आणि गुन्हा हे एकाच नाण्याचे छापाकाटा असतात. कागदावर ती दोन वेगळी नाणी आहेत.

गुन्हा दाखल होऊन अटक न होणं हे तर आता रोजचं झालंय. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, आधी हजर राहण्याची नोटीस द्या, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अर्नेशकुमार प्रकरणात बजावलं. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४१-अ, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३५(३). त्यामुळे एफआयआरमध्ये नाव असलेला माणूस एक रात्रही कोठडीत न बसता कोर्टात जामीन देऊन घरी जातो. उलट बाजूही आहे, आणि मी नेमकी तीच विसरलो: गुन्हाच दाखल नसताना अटक. दखलपात्र गुन्हा घडेल असं दिसलं तर तो थांबवण्यासाठी पोलीस आधीच माणसाला ताब्यात घेऊ शकतात. जुन्या संहितेत हे कलम १५१, नव्यात १७०. त्याला एफआयआर लागत नाही. चोवीस तासांच्या वर ठेवायचं तर कायद्याचा दुसरा आधार दाखवावा लागतो. माणसाला तहसीलदारांपुढे, म्हणजे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करतात, शांतता राखण्याचं बंधपत्र घेतात आणि सोडतात. ठाण्याच्या भाषेत ‘चॅप्टर केस’. तेव्हा कलम १०७, आता १२६. हे काम महसूल खात्याच्या कचेरीत चालतं, दिवाणी-फौजदारी कोर्टात नाही, म्हणून ई-कोर्ट्सवर तुम्ही जन्मभर शोधलंत तरी ते सापडायचं नाही.

म्हणजे हिशेब असा झाला. इंटरनेटवर जे सापडलं ते या मुलाचं नव्हतं, आणि या मुलाचं जे होतं ते इंटरनेटवर असण्याचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मिरजेला एक तारीख होती. येताना मी वाट वाकडी करून त्या गावाच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात गेलो. (कुठलं ते सांगत नाही, तिथल्या लोकांनी मला वाईट वागवलं असं मुळीच नाही.) व्हरांड्यात ठाणे अंमलदाराच्या खिडकीशेजारी पांढरा फळा आहे. वर निळ्या रंगात ‘अटक आरोपींची माहिती’. खाली रकाने: नाव व पत्ता, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) व कलम, अटकेची तारीख-वेळ, अटक करणारे अधिकारी. त्या दिवशी दोन ओळी भरलेल्या होत्या. बाकी फळा पुसलेला, पण मार्करनं लिहून बोटानं किंवा फडक्यानं पुसल्यावर जसं राहतं तसं आधीच्या नावांचं धुरकट काहीतरी मागे दिसत होतं. एखादं ‘राव’, एखादा काना. माणूस कोर्टात गेला, जामीन झाला की नाव जातं. २०२२ चं इथं काय शोधणार?

अंमलदार जुने हवालदार. मी कुणाचं नाव न घेताच विचारलं, विसर्जनाच्या रात्री उचललेल्या पोरांची नोंद कुठं असते हो? ते हसले. “साहेब, ती एकशेएक्कावन्नची. त्यास्नी गु.र.नं. कुठनं आणायचा? स्टेशन डायरीला नोंद असती, चॅप्टर तहसीलला जातो.” डायरी बघायला मिळेल का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही दाखवतो म्हटलं नाही. तिऱ्हाइताला ती दाखवायची नसते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. निवडणुकीच्या आधी मुलाला का बोलावलं असेल तेही बोलण्याच्या ओघात उलगडलं. निवडणूक आली की ठाणी जुने चॅप्टर काढतात आणि त्या यादीतल्या सगळ्यांना परत बंधपत्राला बोलावतात. एकदा नाव लागलं की प्रत्येक निवडणुकीला आणि प्रत्येक गणपतीला आमंत्रण.

आता पुतण्याच्या प्रश्नाकडे. आपल्याकडे अटकांची कायमची, सगळ्यांना खुली, नाव टाकून शोधता येणारी वही का नाही?

तो फळा आला कुठून ते बघितलं की उत्तर मिळतं. ऑगस्ट १९८६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या विधी साहाय्य संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, पोलीस कोठडीत माणसं मरत असल्याच्या बातम्यांबद्दल. त्या पत्राचीच याचिका झाली आणि १८ डिसेंबर १९९६ ला निकाल आला. अटक करताना जागेवर पंचनामा करा, त्यावर घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्या, अटकेची वेळ नोंदवा, घरी कळवा, आणि बारा तासांत नियंत्रण कक्षाला कळवून तिथल्या फलकावर ठळक लावा. २००९ च्या दुरुस्तीनं हे जुन्या संहितेत ४१-ब, ४१-क म्हणून आलं, १ नोव्हेंबर २०१० पासून लागू झालं. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचं कलम ३७ आहे: प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षकाच्या खालच्या दर्जाचा नाही असा एक अधिकारी नेमायचा, अटक केलेल्यांची नावं, पत्ते, गुन्ह्याचं स्वरूप त्यानं सांभाळायचं आणि ठाण्यात व जिल्ह्याच्या मुख्यालयात ठळकपणे लावायचं, डिजिटल पद्धतीनंही.

हे सगळं आत असलेल्या माणसासाठी आहे. तो आत आहे हे बाहेरच्या जगाला कळावं, म्हणजे तो हरवणार नाही. सांगलीकरांना हे समजावून सांगावं लागू नये. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्याच्या कोठडीतल्या एका तरुणाचा मृत्यू झाला. तो पळून गेला असं आधी सांगण्यात आलं, आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याचं नंतर उघड झालं. पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. तेव्हा गावात बंद पाळलेला ज्यांना आठवतो त्यांना त्या फळ्यावरच्या एका ओळीची किंमत कळेल. ती ओळ व्याह्यांनी स्थळ पारखावं म्हणून लिहिलेली नसते. ती कुणाच्या तरी आईनं येऊन वाचावी म्हणून असते. काम झालं की ती पुसली जाते, आणि माझ्या मते पुसली जावीच.

एफआयआर खुल्या झाल्या त्याही याच अंगानं. ७ सप्टेंबर २०१६ ला यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर चढवा, अडचणीच्या भागात जरा जास्त मुदत. हेतू हा की आरोपीला आपल्यावर काय आरोप आहे ते कळून जामिनाची तयारी करता यावी. लैंगिक गुन्हे, मुलांवरचे अत्याचार, दहशतवाद असे संवेदनशील गुन्हे त्यातून वगळले. त्यामुळे पोर्टलवर नाही म्हणजे गुन्हा नाही, असंही म्हणता येत नाही. दोषारोपपत्रं तर सर्वांसाठी खुली नाहीतच. ती संकेतस्थळावर टाकण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये फेटाळली. अठरा वर्षांखालच्या पोराची ओळख उघड करायला तर कायद्यानं बंदीच आहे.

आबांचा पुढचा प्रश्न अपेक्षितच होता. “मग माहितीच्या अधिकारात टाकू का? धा रुपयाचं तिकीट लावायचं न्हवं?” त्यांच्या गावात ग्रामपंचायतीच्या रस्त्यापासून रेशनपर्यंत सगळं माहिती अधिकारात मागवून झालेलं आहे, त्यामुळे हात त्याच हत्याराकडे जातो. मी नको म्हटलं. एक तर तीस दिवस. दुसरं, परक्या माणसाची वैयक्तिक माहिती म्हणून कलम ८(१)(जे) लावून नकार येण्याचीच शक्यता, मग अपिलं. अठ्ठेचाळीस तासांत उत्तर द्यायची तरतूद आहे, पण ती जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तेव्हाची. कुणाचा मुलगा रात्रीतून उचलला आणि ठाणं काही सांगत नाही, त्याच्यासाठी. स्थळासाठी नव्हे. आणि तिसरं, जे मी आबांना जरा तोंड वाकडं करून सांगितलं: अर्ज ठाण्यात पोचला की तासाभरात मुलाच्या घरी कळणार, आणि मग सोयरीक होवो न होवो, बोलणी कायमची बंद.

“मग काय करायचं?”

“त्यालाच विचारा.”

आबांना हा सल्ला फी देण्यालायक वाटला नाही, चेहऱ्यावरच दिसलं. पण कायद्यानं तोच जवळचा रस्ता होता. माझ्यासारख्या परक्याला जे दार बंद, ते त्या मुलाला उघडं आहे. चॅप्टरमधल्या आदेशाची नक्कल तो स्वतः तहसील कचेरीतून मागू शकतो. चारित्र्य पडताळणीचा दाखला ज्याचा त्यालाच अर्ज करून मिळतो. फौजदारी खटल्याच्या कागदांनाही तोच न्याय: आरोपीला नक्कल हक्कानं, तिऱ्हाइताला कारण देऊन, कोर्टाला पटलं तर.

रविवारी बैठक झाली, माझ्याच ऑफिसात. घरी नको, असं दोन्हीकडून ठरलं. मुलगा, त्याचे वडील, एक चुलते. इकडून आबा, त्यांचे मेहुणे आणि पुण्याचा पुतण्या. मुलीला आणायचं का यावर फोनवर बरीच खलबतं झाली होती. शेवटी ती आलीच, आणि बरं झालं.

मुलानं प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर ठेवली. विचारायच्या आधीच सगळं घेऊन आला होता. ९ सप्टेंबर २०२२, अनंत चतुर्दशी. दोन मंडळांच्या मिरवणुका वेशीत समोरासमोर आल्या, डीजे पुढं कुणाचा जाणार यावरून ढकलाढकली झाली. पोलिसांनी दोन्हीकडची पोरं गाडीत घातली. रात्र ठाण्यात, दुसऱ्या दिवशी तहसीलदारांपुढे उभं केलं, वैयक्तिक बंधपत्रावर सोडलं. रात्री उचलला आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर घरी आला, त्याचे गावाच्या तोंडी ‘दोन दिवस’ झाले. चॅप्टर पुढं बंद झाल्याच्या आदेशाची झेरॉक्स होती. नोव्हेंबरमधल्या नोटिशीचीही. त्या नोटिशीवर कंपनीतल्या रजेच्या अर्जाची पोच स्टेपल करून ठेवली होती. त्या स्टेपलनं मला मुलाबद्दल पोर्टलपेक्षा जास्त सांगितलं, पण ते मी बोललो नाही.

आबांनी कागद एकेक करून चष्मा वर-खाली करत वाचले. पुतण्या गप्प होता. मुलीनं एकच विचारलं, “तुम्ही पसंतीच्या वेळेस का नाही सांगितलं?” मुलगा म्हणाला, गुन्हा नव्हता म्हणून सांगायचं काही आहे असं वाटलंच नाही. त्याच्या डोक्यातही तीच गल्लत होती, फक्त उलट बाजूनं. चुलते मध्येच मुलाची बाजू सावरायला लागले, त्यांना मुलाच्या वडलांनीच थांबवलं.

आबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “डीजे कुणाचा फुडं गेला?”

“त्यांचा,” मुलगा म्हणाला.

लग्न ठरलं की नाही हा या प्रकरणाचा भाग नाही, आणि दोन्ही घरांनी मला तसं लिहायला सांगितलेलंही नाही. माझ्याकडे एक काम उरलं होतं. सगळे उठल्यावर पुतण्याला थांबवलं आणि त्या मोटारचोरीच्या पीडीएफचं काय केलंस ते विचारलं. ग्रुपवरून डिलीट केली म्हणाला. कधी? परवा. टाकली कधी होती? त्याला तीन आठवडे झाले होते, आणि ग्रुपवर सव्वाशे माणसं. शेजारच्या गावातला तो दुसरा, निर्दोष सुटलेला मुलगा त्यांतल्या दोघांचा लांबचा पावणा निघाला. त्याचं पूर्ण नाव घेऊन तो चोर नाही हे त्याच ग्रुपवर लिही, कोर्टाचा निकाल जोड, असं मी सांगितलं. नाही तर उद्या तो अब्रुनुकसानीची नोटीस घेऊन माझ्याच शेजारच्या टेबलावर बसेल. पुतण्यानं तिथंच उभं राहून टाईप केलं. पहिलं उत्तर अर्ध्या मिनिटात आलं. अंगठा. दुसऱ्यानं विचारलं, “मग मोटार कुणी नेली?”